गोणी घरी नसताना

“हे बघा,” प्राण्यांचे डॉक्टर पडद्यावरच्या राखाडी गोंधळात एका जागी बोट ठेवून म्हणाले, “इथं अडकलंय. कापडासारखं काहीतरी गिळलंय हिनं. दुपारीच काढून टाकतो. पण उद्या सकाळपर्यंत हिला इथंच राहू द्या.” एवढंच झालं. रोज कुणाच्या ना कुणाच्या कुत्र्याचं होत असेल. पण टेबलावर आडव्या पडलेल्या गोणीच्या पोटावर हात ठेवून ती उभी होती, तिला तो हात काढवेना. गोणी हे कुत्रीचं नाव. आणली तेव्हा काहीतरी झकास नाव होतं तिचं, जिथून आणली तिथल्या लोकांनी ठेवलेलं, पण ती अंगावर येऊन अशी ऐसपैस पडायची की नवऱ्याच्या तोंडून पहिल्याच दिवशी “अगं ए गोणी!” निघालं आणि तेच कायम झालं. तिच्या मनात पहिलं काय आलं म्हणाल, तर ते कुत्रीचं नव्हतंच. उद्या सकाळपर्यंत यांचं कसं व्हायचं, हे आलं. आणि त्याच्या पाठोपाठ, बोलावल्यासारखं, दुसरं आलं: म्हणजे आज घरात आपण दोघंच. या दुसऱ्या विचारानं तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. मुकं जनावर कण्हतंय, आणि आपलं काय हे भलतंच! तिनं गोणीच्या कपाळावर उगीचच थोपटलं. गोणीनं डोळे वर करून पाहिलं आणि शेपटी एकदा टेबलावर आपटली. असली गुणाची होती ती. तिचा राग करायचा म्हटलं तरी धड करता यायचा नाही.

फाटकाबाहेर आली आणि भर रस्त्यात थांबली. कापडासारखं म्हणजे कापड नव्हेच ते. फेल्ट! ती ज्या कारखान्यात कामाला होती तिथं गणवेश शिवत, पहारेकऱ्यांचे, परिचारिकांचे, बसवाल्यांचे. आणि छातीवरच्या बिल्ल्यामागं लावायला जाड लोकरी फेल्ट यायचं. त्याची कातरणं केरात जायची, ती तिनं पिशवीत भरून घरी आणली आणि एकूण एक खुर्ची, टेबल, पलंग, कपाट यांच्या पायांखाली चिकटवली. कशासाठी, तर सरकवताना आवाज नको. परवा एका खुर्चीचे पाय उघडे दिसले तेव्हा केर काढताना तिनं ते तुकडे सगळीकडे धुंडाळले होते. आता कळलं कुठं गेले ते. नवऱ्याच्या अपघातानंतर समुपदेशन करणाऱ्या बाई अगदी पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या, “अचानक मोठे आवाज झाले तर त्यांना त्रास होईल, तेवढं जपा.” तिनं म्हटलं, जपायचंच तर नीट जपू. आवाजच नको. कुकर माळ्यावर गेला. दारावरची घंटा काढली. रस्त्याकडच्या खिडक्या लागल्या त्या लागल्याच. घरात ती चपला सोडून मोजे घालू लागली, भांडी घासली की एकेक भांडं फडक्यावर पालथं घालू लागली, शिंक आली तर रुमाल, रडू आलं तर उशी. मोरीतला नळ ठिबकायचा. नवरा पाणीखात्यात फिटर, दोन मिनिटांचं काम, पण याला हात लावायला नको! तिनं सांगून पाहिलं, मग नळाच्या तोंडाला दोरा बांधून तो खाली बादलीत सोडला, की थेंब बिनबोभाट उतरावा. दुसऱ्या दिवशी दोरा गायब. तिनं पुन्हा बांधला. तो पुन्हा गेला. असं कितीदा झालं, पण त्याबद्दल दोघांपैकी कुणीही चकार शब्द काढला नाही. आणि गंमत अशी की कारखान्यात तिच्याइतकी बडबडी बाई दुसरी नव्हती. काजाच्या मशीनच्या खडखडाटावरून पार टोकाशी बसलेल्या मैत्रिणीशी गप्पा मारणारी, हसली तर कटिंग मास्तरांची कात्री थांबायची. संध्याकाळी घराचा जिना चढताना मात्र ती एकेका पायरीवर आपला एकेक आवाज ठेवत वर यायची. दाराशी पोचेपर्यंत तिच्यापाशी काही उरलेलं नसायचं.

चालतच निघाली. बसची वाट बघायला उभं राहवेना. झालं होतं ते असं. शहराच्या जुन्या भागात पाण्याची एक मोठी नळवाहिनी होती, माणूस ओणवा होऊन आत शिरेल एवढी. सांधा गळत होता म्हणून खात्याची माणसं खणायला लागली होती, पाणी तोडलं होतं, आणि नवरा आणि त्याचा जोडीदार आत शिरून सांधा भरत होते. जोडीदाराला सगळे पैलवान म्हणायचे, कारण अंगावर नावाला मांस नव्हतं. बाहेरच्या खड्ड्याची कड ढासळली आणि चिखलानं वाहिनीचं तोंड बंद झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. नवरा जिवंत होता. पैलवान नव्हता. तिला ठाऊक होतं ते एवढंच, आणि तेसुद्धा साहेबांच्या तोंडून. नवऱ्याला तिनं एकदा, फक्त एकदा, विचारलं होतं, “आत काय झालं हो?” तो म्हणाला, “काही नाही. अंधार होता.” आणि उठून मोरीत गेला, नळाखाली हात धरून उभा राहिला. पुढं मग ते सुरू झालं. आधी डावा हात, नट आवळल्यासारखा मनगटात फिरायला लागायचा. मग खांदे, मग दात. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांना समोरची बायको दिसत नसायची. पहिल्या खेपेला ती घाबरून मागून जाऊन बिलगली, तर त्यानं तिला असं भिरकावलं की कपाटाचा कोपरा कोपरात घुसला. शुद्धीवर आल्यावर तो तिच्या त्या कोपराकडे बघून लहान मुलासारखा रडला. त्यानंतर त्यानं तिला हात लावला नाही. तिनंही मग आपले हात आवरून घेतले, आणि दोघं घरात अशी वावरायला लागली की चुकून बोटाला बोट लागलं तर “सॉरी” म्हणायची. लग्नाची माणसं हो, आणि सॉरी! तिला त्या शब्दाचा इतका राग येई की कारखान्यात कुणी तो म्हटला तरी तिच्या कपाळावर आठी पडायची.

अशा माणसांसाठी कुत्री शिकवून तयार करणारं एक केंद्र होतं, तिथून गोणी आली. शिकवणारी मुलगी म्हणाली होती, “यांना कळायच्या आधी हिला कळतं. घामाचा वास बदलतो ना.” तिला वाटलं होतं, बोलायच्या गोष्टी. पण खरंच तसं होतं. तो मजेत पेपर वाचत बसलेला असायचा आणि गोणी आपली सतरंजी सोडून उठायची, येऊन त्याच्या मांडीवर डोकं आणि पुढचे दोन्ही पाय टाकायची आणि जीभ बाहेर काढून हॅ हॅ हॅ करत बसायची. तेवढ्यात हात फिरायला लागायचाच. पण गोणी हलायची नाही. लाळ गळतेय, धापा चालल्यात, तोंडाला वास येतोय, आणि हा माणूस तिच्या मानेच्या केसांत बोटं रुतवून बसलाय. थोड्या वेळानं तो परत यायचा. परत आला की पहिल्यांदा गोणीच्या कानामागं खाजवायचा आणि मग, उशिरानं, मान वळवून तिच्याकडे बघायचा, जणू तीही आहे हे आत्ता आठवलं. त्या दोन गोष्टींच्या मधल्या वेळेत ती स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची. तो वेळ तिला जात नसे. नोकरीवर तो पुन्हा जायला लागला, मोठ्या कामावर नव्हे, पाण्याची मीटरं उघडून साफ करायच्या खोलीत, अर्धा दिवस. आणि टेबलाखाली गोणी. रात्री दिवाणखान्यात सतरंजीवर झोपायचा, शेजारी गोणी. सुरुवातीला पलंगावर यायचा. मग कधीतरी तिला जाग यायची तर शेजारची जागा रिकामी, थंड. आपण घोरत नाही, लाथा मारत नाही, कूस बदलतानासुद्धा पलंग वाजू देत नाही, आपली आई म्हणायची की पोरगी झोपली की मांजरासारखी झोपते, मग याला आपल्या शेजारी का नको? हा प्रश्न तिनं समुपदेशनवाल्या बाईंना विचारला नाही. विचारणार काय? माझा नवरा कुत्रीजवळ झोपतो, असं?

हे सगळं तिनं फक्त ताईला सांगितलं होतं, आणि सांगून पस्तावली होती, कारण ताईनं तेव्हापासून गोणीला “तुझी सवत” म्हणायला सुरुवात केली. आत्ताही रस्त्यातच ताईचा फोन. “काय म्हणाले डॉक्टर?” ती म्हणाली, ठेवून घेतलंय, उद्या आणायची. “अगं बाई! म्हणजे सवत माहेरी गेली. मग आज काय, रान मोकळं!” ती हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. “ताई, गप गं. मला भीती वाटतेय.” “काय? मोठ्यानं बोल ना जरा. हल्ली तुझं काही म्हणजे काही ऐकू येत नाही मला.” “भीती वाटतेय म्हटलं.” “कशाची? नवरा आहे तुझा, वाघ नाही.” तिनं फोन ठेवला. कशाची, हे तिला नेमकं ठाऊक होतं. आज त्याचा हात फिरायला लागेल आणि गोणी नसेल. मग त्याच्याजवळ जायला फक्त ती असेल. आणि तिच्यानं काहीच झालं नाही तर? इतके दिवस निदान म्हणता येत होतं की मधे कुत्री आहे. आज तेही म्हणता येणार नव्हतं. तिला तो हवा होता, सरळ सांगायचं तर. औषध देण्यापुरता नको, सांभाळण्यापुरता नको. गोणीच्या मानेत रुततात ती बोटं हवी होती. एका कुत्रीला मिळतं ते मागायला लाज कसली वाटायची, असं ती स्वतःला बजावत होती आणि तरी कान गरम होत होते. कोपऱ्यावर सिग्नल लागला म्हणून ती थांबली. शेजारी एक म्हाताऱ्या बाई नवऱ्याच्या दंडाला धरून उभ्या होत्या, रस्ता ओलांडायला. नुसतं दंडाला धरून. ती त्या हाताकडे बघत राहिली आणि सिग्नल सुटून पुन्हा लागला.

तो दारातच उभा होता. दवाखान्यात आला नव्हता, कारण बंद गाडीत तो बसत नसे आणि आजारी गोणीला चालवत नेणं शक्य नव्हतं. सकाळी टॅक्सीच्या काचेतून तो असाच दारात दिसला होता. मधल्या वेळात तो जागचा हलला होता की नाही कोण जाणे. त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. हातात गळपट्टा, गळपट्ट्यात कुणी नाही. “काही नाही,” ती घाईघाईनं म्हणाली, “पोटात अडकलंय काहीतरी. दुपारी काढतील. उद्या सकाळी घरी.” “काय अडकलंय?” “कापडासारखं.” फेल्ट म्हणायला जीभ उचलली नाही. तो म्हणाला, “दुखतंय का तिला?” “भूल देणार आहेत.” “एकटीच आहे का तिथं?” “नाही हो, बाकीची जनावरं आहेत की.” तो आत जाऊन खुर्चीवर बसला. त्यानं खुर्ची मागं सरकवली तेव्हा ती टक्कन वाजली, फेल्ट नसलेली तीच खुर्ची. तिनं दचकून त्याच्याकडे पाहिलं, पण त्याला काही झालेलं दिसलं नाही. तिनं कारखान्यात फोन लावला, खालच्या आवाजात म्हणाली की आज येत नाही. “अहो, पण बसवाल्यांचे शर्ट उद्या जायचेत, काजं कोण करणार?” कटिंग मास्तर ओरडले. “घरी आजारी आहे.” “कोण आजारी?” “सगळेच,” ती म्हणाली.

जेवण झालं. दोघंच समोरासमोर. नेहमी गोणी मधे बसायची, एकदा याच्याकडे बघ, एकदा हिच्याकडे, त्यामुळे कुणी कुणाकडे बघायचा प्रश्न यायचा नाही. आता बघायला जागाच जागा होती. त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत हे तिला आज दिसलं. कधी झाले? लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी खोली घेतली होती तेव्हा तिला नळाचं काम शिकवायला निघाला होता हा माणूस. पाना हातात देऊन, मागून तिच्या हातांवर आपले हात ठेवून, “अगं, इतकी काय भितेस, पाणीच तर येईल!” आणि आलंच पाणी, दोघांच्या तोंडावर, छताला, दिव्याला. किती हसली होती ती! खालचे घरमालक काठी घेऊन वर आले होते. तो तेव्हा फार बोलायचा. जेवताना बोलायचा, दाढी करताना बोलायचा, झोपेत बोलायचा. पैलवान म्हणायचा, “वहिनी, याला एखाद दिवस घरीच ठेवून घ्या हो, आमच्या कानांना सुट्टी मिळेल.” तिला वाटलं, आत्ता ती आठवण सांगावी. पण त्यात पैलवान होता. तिनं घास गिळला, ताट उचललं, फडक्यावर ठेवलं. “झोपता का जरा?” तिनं विचारलं. “नको,” तो म्हणाला. सतरंजीकडे बघत होता. गोणीचे केस तिच्यावर तसेच होते. वर पंखा फिरत होता, आत फ्रिज घुमत होता. तो फ्रिज बदलायला हवा, फार आवाज करतो, असं तिच्या मनात आलं, आणि नेमका तो थांबला. पंखाही मंदावत मंदावत थांबला. वीज गेली होती. घरात असं शांत झालं की तिला क्षणभर हायसंच वाटलं. बरं झालं, म्हटलं, तेवढीच शांतता.

त्याचा डावा हात फिरायला लागला. तिनं तो पाहिला आणि सवयीनं सतरंजीकडे पाहिलं, कुणी उठतंय का. कुणी उठायला नव्हतं. मनगट फिरत होतं, एकाच जागी, एकाच बाजूला. मग खांदे. मग त्याचे दात वाजायला लागले, आणि त्या शांततेत त्यांचा आवाज तिला सहन होईना. ती स्वयंपाकघराच्या दारात होती, नेहमीच्या जागी. सगळ्या सूचना तिला पाठ होत्या. मागून जाऊ नका. घेरू नका. हात लावू नका. सावकाश, समोरून, दिसेल असं बोला. ती समोर आली. “अहो, घरीच आहात. मी आहे.” पण ती ते इतकं हळू म्हणाली की तिचं तिलाही नीट ऐकू आलं नाही. त्याचे डोळे तिच्यातून आरपार जात होते. गोणी असती तर? गोणी विचार करत बसली नसती. इथं तिच्या मनात एकाच वेळी कपाटाचा तो कोपरा आला, तिचं दुखरं कोपर आलं, सिग्नलपाशी दिसलेला तो म्हातारीचा हात आला, आणि या सगळ्याचा तिला एकदम वीट आला. भिरकावेल तर भिरकावू दे. निदान हात तर लावेल! ती गुडघ्यांवर बसली, त्याच्या दोन्ही पायांवर आपले हात टाकले, आणि डोकं त्याच्या मांडीवर ठेवलं.

थरथर थांबली. एका झटक्यात थांबली. तिच्या जिवात जीव आला, पण क्षणभरच. कारण मग तिला कळलं की हे थांबणं बरं नव्हे. तिच्या गालाखालची मांडी लाकूड झाली होती. तो श्वाससुद्धा घेत नव्हता. आपण चुकलो. काहीतरी भयंकर चुकलो. उठावं तर हलायची छाती होईना. ती तशीच राहिली, डोळे मिटून, श्वास रोखून, जरासुद्धा आवाज न करता. मग त्याचा हात आला. केसांवर नाही, पाठीवर नाही. दोन बोटं, थंड, चाचपडत तिच्या गालावरून आली आणि तिच्या नाकाखाली येऊन थांबली. थांबूनच राहिली. “श्वास घे,” तो म्हणाला. तो आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. “श्वास घे, श्वास घे, श्वास घे ना रे.”

“घेतेय,” ती म्हणाली.

“ऐकू येत नाही.”

तिनं नाकानं जोरात घेतला. “मोठ्यानं,” तो म्हणाला. तिनं तोंड उघडलं आणि घेतला. “अजून.” मग तिला दुसरं काही सुचेना, आणि ती गोणीसारखी धापा टाकायला लागली, हॅ हॅ हॅ, तोंड उघडं टाकून, त्याच्या पायजम्यावर लाळ गळेपर्यंत. चांगली घोड्याएवढी बाई, दुपारच्या वेळी जमिनीवर बसून हे काय करतेय, असं कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं. पण तिच्या गालाखालची मांडी हळूहळू माणसाची झाली. बोटं नाकापासून हलली आणि तिच्या पाठीवर गेली, जिथं बरगड्या वरखाली होत होत्या, आणि तिथं हात पसरून राहिला. मग तो बोलायला लागला, तिच्याकडे न बघता. “त्याचं डोकं असंच होतं. माझ्या मांडीवर. पाय अडकला होता त्याचा. दिसत काहीच नव्हतं. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता, घुर्र घुर्र. म्हटलं, ठीक आहे, आहे गडी. मी त्याच्याशी बोलत बसलो. तुला माहितीये मी कसा बोलायचो. म्हटलं, बाहेर पडलो की साहेबाला धरू, आठवडाभर सुट्टी मागू. बायकांना घेऊन कुठंतरी जाऊ. तुझी नक्कल केली, कशी हसतेस त्याची. तो ऐकतोय असंच वाटत होतं मला. कधी थांबला ते कळलंच नाही. माझंच तोंड चालू ना. मग लक्षात आलं की घुर्र येत नाहीये. कधीपासून येत नाहीये? ते मला ठाऊक नाही. मी किती वेळ त्याच्याशी बोलत होतो, ते मला ठाऊक नाही गं.”

तिनं श्वास चालू ठेवला, त्याला ऐकू जाईल असा. “गोणीचं बरं असतं,” तो म्हणाला, “ती सारखी धापा टाकते. झोपली तरी फुरफुरते. ती आहे हे डोळे मिटून कळतं. तुझं काही कळतच नाही. तू घरात येतेस कधी, जातेस कधी. भांडं वाजत नाही, पाऊल वाजत नाही. हाक मारावी तर वाटतं, आणि ओ आली नाही तर? तुझ्या शेजारी झोपायचो तेव्हा रात्री उठून तुझ्या नाकाशी हात धरायचो. इतकी शांत झोपतेस तू. एकदा लागलाच नाही श्वास, म्हणजे मला वाटलं लागला नाही. तिथून उठलो तो बाहेर आलो. पुन्हा त्या खोलीत यायची हिंमत झाली नाही. नळाला तेवढा दोरा का बांधायचीस? ते एक तरी वाजायचं घरात.”

आधी तिला ते कळलंच नाही. मग कळलं, आणि पायापासून डोक्यापर्यंत सणक गेली. दुःख नंतर, आधी राग आला, असा राग की मांडीवरचं डोकं उचलून ती त्याच्या तोंडावर ओरडली, “मग सांगायचं नाही का मला!” भिंतींवर आदळून आवाज परत आला. तिनं घाबरून तोंडावर हात ठेवला. पण तो दचकला नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. आरपार नव्हे, तिच्याकडे. “ओरड,” तो म्हणाला. “काय?” “ओरड अजून.” आणि मग काय, बांध फुटला. “मी मेले हो इथं जपून जपून! शिंकले नाही धड! मोजे घालून फिरतेय म्हातारीसारखी! उशीत तोंड खुपसून रडते मी, माहितीये का तुम्हाला? आणि ते फेल्ट, ते मी लावलंय, तेच गिळलंय तिनं, माझ्यामुळं पोट फाडताहेत तिचं, आणि मला काय वाटलं सांगू, मला बरं वाटलं! आज ती नाही म्हणून मला बरं वाटलं! एवढी मी वाईट झालेय! मला वाटलं तुम्हाला मी नकोय, नकोच आहे मी—” पुढचे शब्द शब्द राहिले नाहीत. ती पुन्हा त्याच्या मांडीवर पडली आणि रडायला लागली, मोठ्यानं, गळा काढून, हुंदक्यावर हुंदका, इतक्या दिवसांचं सगळं, कसलाही धरबंध न ठेवता. त्याची बोटं तिच्या मानेवरच्या केसांत शिरली आणि घट्ट रुतली. दुखलं. तिनं ती रुतू दिली. आपण खूप कुरूप रडतोय, नाक वाहतंय, सगळ्या इमारतीला ऐकू जात असेल, हे तिला कळत होतं, आणि थांबायचं मात्र तिच्या मनात नव्हतं.

दारावर थाप पडली. “अहो, काय झालं? कोण आहे? सगळं ठीक आहे ना?” समोरच्या घरातल्या बाई होत्या. तिनं चटकन हुंदका गिळला आणि पदरानं तोंड पुसत उठायला लागली. त्यानं तिचं डोकं तसंच मांडीवर धरून ठेवलं. दाराकडे तोंड केलं, आणि खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “काही नाही हो! बायको आहे माझी. रडतेय.”